तेहतीस गुणांची जोडी

नंदकुमार आगटे पंच्याहत्तर वर्षांचे होते. कॅनडात येऊन त्यांना एकोणपन्नास वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्यांनी नेमाने अशी एकच गोष्ट केली. स्नानसंध्या, व्यायाम, योगासनं यांतलं काही नाही. एप्रिल ते सप्टेंबर, सकाळचा चहा झाला की ते टोकदार पेन्सिल घेऊन डायनिंग टेबलाशी बसत आणि बेसबॉलच्या मॅचमधल्या दोन पिचरांची पत्रिका जुळवत.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की बेसबॉलमध्ये पिचर हा नवरदेव असतो. क्रिकेटसारखं सहा चेंडू टाकून चेंडू दुसऱ्याच्या हाती देणं इथे नाही. मॅच ज्याने सुरू करायची तो मैदानाच्या मधोमध मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि दमेपर्यंत एकटा टाकत राहतो. मग चार दिवस हात शेकत बसतो. प्रत्येक संघात असे पाच जण पाळीपाळीने येतात. तेव्हा कुठल्या दिवशी कोणासमोर कोण उभा राहील हे संघाच्या हातात थोडं आणि नशिबाच्या हातात जास्त. नंदकुमारांच्या मते ही जोडी म्हणजेच मॅच, बाकी सगळे वऱ्हाडी.

म्हणून जोडी जोखायची तर ती लग्नाच्या पत्रिकेसारखी, छत्तीस गुणांत. नाडीचे आठ गुण वेगाला. गणाचे सहा स्वभावाला, म्हणजे फलंदाजाच्या बरगड्यांवर चेंडू टाकणारा तो राक्षसगण आणि चुकून लागला तर टोपी काढणारा तो देवगण. वय, अनुभव, जुनी भांडणं, सगळ्याला आपापलं घर. नऊ-दहा गुणांच्या जोड्या रोजच्याच. पंचविसावर गेली की नंदकुमार दुसरा चहा मागत. छत्तीस कोणालाही द्यायचे नाहीत असा नियम होता, कारण दृष्ट लागते. हा नियम त्यांनी एकट्याने केलेला नव्हता. खरं तर यातलं काहीच त्यांनी एकट्याने केलेलं नव्हतं, आणि त्यांचं दुखणं तेच होतं.

२०१७च्या सप्टेंबरातल्या त्या गुरुवारी पेपरात टोरोंटोच्या शेवटच्या घरच्या मॅचचे पिचर छापून आले. संघ कधीच स्पर्धेबाहेर पडला होता. जिंकले काय आणि हरले काय, त्या रविवारी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. पण नंदकुमारांनी नावं वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली.

टोरोंटोकडून होता हेडमास्तर. हे नाव मृणालिनीबाईंनी, म्हणजे नंदकुमारांच्या पत्नीने ठेवलेलं. त्यांना ती इंग्रजी-स्पॅनिश नावं लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी तोंडं बघून बारसं करायचा सपाटा लावला होता. हेडमास्तर अडतीस वर्षांचा, वेग गेलेला, पण चेंडू मोजून मापून कोपऱ्यात टाकायचा आणि फलंदाज बाद झाला की ‘गृहपाठ केला नाहीस ना’ अशा नजरेने बघायचा. समोरून होता फौजदार. डावखुरा, मिशीवाला, तापट, तोही चाळिशीला टेकलेला. दोघांनीही यंदा संपवायचं ठरवलं होतं. आणि फौजदाराने आपली पहिली मॅच खेळली होती ती माँट्रियलकडून, तिथला संघ गाशा गुंडाळून अमेरिकेला गेला त्याच्या आदल्या वर्षी.

नंदकुमारांनी पेन्सिल पुन्हा उचलली आणि हात थोडा आखडता घेऊन गुण दिले. तरी बेरीज तेहतीस आली.

‘काय झालं?’ मृणालिनीबाईंनी ओट्याशी उभ्या उभ्या विचारलं.

‘तेहतीस.’

मृणालिनीबाईंनी गॅस बंद केला. ‘मग आता फोन करावा लागेल तुम्हाला,’ त्या म्हणाल्या. ‘तेहतीस आले तर करीन म्हणाला होतात. आता शब्द फिरवायचा नाही.’

फोन करायचा होता माँट्रियलजवळच्या लव्हालला, गुरुदत्त हेरेकरला. शेवटचा केला होता त्याला एकवीस वर्षं झाली होती.

सांगलीचे आगटे आणि बेळगावचा हेरेकर हे १९६८च्या हिवाळ्यात माँट्रियलला एकाच इंजिनियरिंग कंपनीत चार दिवसांच्या अंतराने लागले. पार्क एक्स्टेन्शनमध्ये दोघांनी मिळून एक खोली घेतली. दोघांत मिळून बर्फाचे बूट एकच, त्यामुळे दूध आणायला जायचं कोणी यावर रोज भांडण. पुढच्या वसंतात खोलीपासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका मैदानात बेसबॉलचा नवा संघ खेळायला लागला. पहिल्या दिवशी दोघांना काही म्हणता काही कळलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या फ्रेंच गृहस्थाने दोन्ही पिचरांकडे बोट दाखवून, मग स्वतःच्या दोन मुठी एकमेकींवर आपटून सगळा खेळ समजावला. परतताना गुरुदत्त म्हणाला, ‘म्हणजे पत्रिका बघायला पाहिजे की रे दोघांची.’ तिथून ते सुरू झालं.

लग्नं झाली, मुलं झाली. गुरुदत्तने लव्हालला घर घेतलं. नंदकुमारांना टोरोंटोला नोकरी मिळाली आणि आगटे कुटुंब इकडे आलं. पण गुणांचं खूळ सुटलं नाही. सीझनमध्ये रोज फोन, एक दिवस याने करायचा, एक दिवस त्याने. ‘हॅलो’ नाही, ‘कसा आहेस’ नाही. फोन उचलला की गुरुदत्तचा बेळगावी आवाज यायचा: ‘बोल, किती गुण?’ नंदकुमार म्हणायचे, ‘एकवीस.’ तो म्हणायचा, ‘खुळा की काय तू? अठराच्या वर जाईत नाही ही जोडी.’ मग अर्धा तास वाद. दोघांच्या बायका म्हणत, सख्ख्या मुलांच्या लग्नातसुद्धा हे एवढं बघणार नाहीत.

त्या मुलांची गोष्ट अशी. नंदकुमारांची गौरांगी युनिव्हर्सिटीसाठी माँट्रियलला गेली तेव्हा चार वर्षं हेरेकरांकडेच राहिली. गुरुदत्तचा नंदन तिच्याहून वर्षाने मोठा. तो इंजिनियरिंग शिकत होता, आणि दुसऱ्या वर्षी त्याने ते सोडलं. सोडून काय केलं, तर माँट्रियलच्या स्टेडियममध्ये मैदान राखणाऱ्यांच्या टोळीत नोकरी धरली. त्याचं काम माउंडचं, म्हणजे पिचर ज्या उंचवट्यावर उभा राहतो ती चिकणमाती भिजवायची, थापायची, खड्डे बुजवायचे, पुन्हा थापायची. गुरुदत्तने आठवडाभर जेवण सोडलं आणि मग मुलाबरोबर जाऊन ती माती बघून आला. ‘बोटभरसुद्धा चढउतार चालत नाही नंद्या,’ तो फोनवर म्हणाला, ‘पिचरचा खांदा जातोय. आपला पोरगा सांभाळतोय ते.’ नंदकुमारांनी ‘वा वा’ म्हटलं. फोन ठेवल्यावर मृणालिनीबाईंना म्हणाले, ‘बी.ई. व्हायचा तो माती थापत बसलाय.’

खेळ बघण्यात ज्याने आपलं अर्धं आयुष्य घातलं त्याला त्या खेळाची माती थापणारा मुलगा हलका वाटावा, यातली गंमत तेव्हा नंदकुमारांच्या ध्यानात आली नाही. आपला मध्यमवर्ग असाच आहे. गाणं ऐकायला पहाटेपर्यंत बसेल, गाणाऱ्याला मुलगी देणार नाही.

१९९६च्या सप्टेंबरात गुरुदत्तचं एक पाकीट आलं. पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट, आत नंदनची पत्रिका, आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी: ‘आपल्यातला तज्ज्ञ तू. किती गुण ते तूच सांग. पोरांचं ठरलेलं दिसतंय, आपण फक्त मान डोलवायची.’

नंदकुमारांनी ते पाकीट उघडलं नाही. त्यांचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता आणि गुरुदत्तचाही नव्हता, चिठ्ठीत होती ती सगळी थट्टाच होती. पण आपल्याकडे स्थळाला नकार द्यायची एक सभ्य रीत आहे. मुलगा काळा वाटला, शिक्षण कमी वाटलं, घर लहान वाटलं, काहीही असो, कळवायचं एवढंच की पत्रिका जुळत नाही. ग्रहांवर ढकललं की कोणाचा अपमान होत नाही. समोरच्यालाही खरं कारण समजतं आणि तोही हरकत घेत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं आहे. फक्त ते परक्या माणसांशी करायचं असतं, हे नंदकुमार विसरले.

पत्रिका जुळत नाही असं गौरांगीला त्यांनी आधी सांगितलं. ती चोवीस वर्षांची होती. ‘सिन्स व्हेन, बाबा?’ एवढंच तिने विचारलं. मृणालिनीबाई तर तोंडावर म्हणाल्या, ‘अहो, गुरुदत्तभावजींशी असं खोटं बोलू नका. मुलगा पसंत नाही तर तसं सांगा. भांडतील, चार दिवस बोलणार नाहीत, मग जेवायला येतील.’ हे अगदी बरोबर होतं. पण ‘तुझा मुलगा माती थापतो म्हणून मला नको’ हे वाक्य उच्चारायला जीभ रेटेना, आणि ‘पत्रिका जुळत नाही’ हे चार शतकांचं घासूनपुसून गुळगुळीत झालेलं वाक्य कसं आपोआप तोंडात येत होतं.

त्या दिवशी फोन करायची पाळी गुरुदत्तची होती. माँट्रियल त्या वर्षी शेवटच्या आठवड्यापर्यंत शर्यतीत होतं, त्यामुळे स्वारी खुशीत. ‘बोल, किती गुण?’

‘गुरुदत्त, मुलांची पत्रिका जुळत नाही रे.’

मग: ‘नीट बघितलीस?’

‘बघितली.’

‘बरं,’ गुरुदत्त म्हणाला. ‘मग काय करणार.’ आणि सवयीने, ‘आज कोण आहेत?’

‘अजून पाहिलं नाही,’ नंदकुमार म्हणाले. पेपर समोर उघडा होता.

दुसऱ्या दिवशीचा फोन नंदकुमारांचा होता. त्यांनी तो केला नाही. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून उद्या करू म्हणाले. उद्या गुरुदत्तचा फोन आला नाही. त्यावरून नंदकुमारांनी ताडलं की त्याला खोटं कळलं, त्याला अपमान वाटला, तो चिडला. जो माणूस आपल्याला ओळखून आहे त्याच्यापुढे असली थाप मारल्यावर तो चिडणारच. तेव्हा तो शांत होईपर्यंत थांबावं हे बरं. सीझन संपला. पुढच्या एप्रिलमध्ये पाहू म्हणाले. एप्रिल आला आणि गेला.

गौरांगीचं दोन वर्षांनी लग्न झालं. ओटावाजवळच्या कनाटातला कंप्यूटर इंजिनियर. त्या पत्रिका मात्र मुलाकडच्यांनी खरोखरच पाहिल्या होत्या, अठ्ठावीस गुण. नऊ वर्षांनी ते दोघं वेगळे झाले. ती ओटावातच राहते, सरकारी नोकरी करते, रविवारी फोन करते. ‘हाय बाबा, हाउज द वेदर?’ बापलेकीत हवामानाखेरीज विषय नाही. लग्नाचं आमंत्रण लव्हालला गेलं नव्हतं, ती लाज आणखी वेगळी.

२००४ साली माँट्रियलचा संघ गेला. शेवटची मॅच टीव्हीवर लागली होती, लोक उभे राहून रडत होते. गुरुदत्त त्यांत असणार, हे नंदकुमारांना दिसल्यासारखं कळलं. त्यांनी रिसीव्हर उचलला, आकडे फिरवले, शेवटचा आकडा फिरवायच्या आधी ठेवून दिला. २०११ मध्ये गुरुदत्तची बायको, विजयालक्ष्मी, गेली. ही बातमी मराठी मंडळाच्या पत्रकात तीन महिन्यांनी वाचायला मिळाली. नंदकुमारांनी पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं, दोन्ही फाडली. मृणालिनीबाईंनी आपल्या नावाने कार्ड पाठवलं. उत्तरादाखल फ्रेंच आणि इंग्रजीत छापलेले आभार आले.

आणि मग त्यांनी स्वतःला एक सोयीची अट घालून घेतली. उगाच काय फोन करायचा? काहीतरी तसं घडू दे. त्याला सांगावीशी वाटेल अशी एखादी जोडी येऊ दे, तेहतीस गुणांची. मग ‘तेहतीस!’ एवढंच म्हणायचं, पुढचं आपोआप निघेल. हळूच मग खरंही सांगून टाकायचं. या हिशेबात सहा सीझन गेले. एकतीस आले होते एकदा, २०१५ मध्ये. दोन गुणांसाठी त्यांनी तेव्हा फोन केला नाही. माणूस स्वतःला किती मूर्खासारखा फसवू शकतो याला काही सुमार नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता ते फोन घेऊन नॉर्थ यॉर्कच्या त्यांच्या कॉन्डोच्या खिडकीशी उभे राहिले. मृणालिनीबाई आत गेल्या, पण दार लोटून घेतलं नाही. नंबर डायरीत बघावा लागला नाही.

‘वी, अलो?’ पलीकडून फ्रेंचमध्ये पुरुषाचा आवाज आला. म्हाताऱ्याचा नव्हे.

‘गुरुदत्त... गुरुदत्त हेरेकर आहेत का?’

‘आगटेकाका?’

हा नंदन होता. गुरुदत्तशी काय बोलायचं ते नंदकुमारांनी सहा वर्षं घोकलं होतं. नंदनशी बोलावं लागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याला नकार दिला त्याच्याशी ते त्यानंतर एक शब्दही बोललेले नव्हते.

‘हो,’ ते म्हणाले. ‘कसा आहेस नंदन?’

‘आय अ‍ॅम गुड, काका. लँडस्केपिंगचा बिझनेस आहे माझा. वीकेंडला मी बाबांकडे येतो, ग्रोसरी वगैरे करून देतो.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, नवलही फारसं नव्हतं. ‘काका, बाबांना फोनवर ऐकू येत नाही आता. दोन वर्षं झाली. कानाजवळ जाऊन ओरडलं तरच. सो तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगतो. स्पीकर ऑन करतो म्हणजे ते काय म्हणतात ते तुम्हाला ऐकू येईल. ओके?’

ओके म्हणण्यावाचून नंदकुमारांना गत्यंतर नव्हतं.

‘बाबा!’ नंदन ओरडला. ‘आगटेकाका! टोरोंटोहून!’

‘कोण?’

‘नंदूकाका! नंदूकाकांचा फोन!’

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लांबून, पातळ झालेला, पण तोच बेळगावी आवाज आला. ‘नंद्या? बोल म्हणावं. किती गुण?’

एकवीस वर्षांनी हा माणूस पहिला प्रश्न हा विचारत होता. त्यांनी खिडकीच्या कठड्याला धरलं.

‘तेहतीस,’ ते म्हणाले. ‘सांग त्याला, उद्याची जोडी. आमचा हेडमास्तर, म्हणजे...’ आणि त्यांनी दोघांची खरी नावं सांगितली.

‘अरे, तो लेफ्टी!’ नंदन एकदम म्हणाला. ‘तो आमच्याकडे होता ना काका, रूकी इयर, पहिलंच वर्ष. त्याच्या फर्स्ट मॅचचा माउंड मी केलेला. त्याचा पुढचा पाय फार जोरात पडायचा, सो तिथे माती थोडी ओली ठेवायला लागायची, नाहीतर खड्डा पडायचा. कुणाला सांगायचा नाही तो. मी बघून बघून शिकलो.’

सत्तावीस वर्षं नंदकुमार या खेळावर गुरुदत्तशी रोज अर्धा तास वाद घालत होते. पिचरचा पाय कुठे पडतो आणि तिथली माती किती ओली लागते, हे त्यांनी कधी मनातही आणलं नव्हतं. ज्याला ते माहीत होतं त्याला विचारलंही नव्हतं. त्यांना स्वतःची शरम वाटली, नुसती वाटली नाही, अंगभर झाली.

नंदनने सगळं बापाच्या कानात ओरडून सांगितलं. तिकडून हसू आलं. ‘तेहतीस म्हणतोय? खुळा आहे. बत्तीसच्या वर जाईत नाही म्हणावं. हेडमास्तराचा वेग कुठं राहिलाय?’ मग खोकला. मग: ‘आणि विचार की त्याला. एकदा कळू दे मला. त्या वेळचे किती आलेले?’

नंदनने प्रश्न पुन्हा सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती, स्पीकर चालू होता.

‘त्या वेळी जुळत नाही म्हणाला, पण किती ते सांगितलं नाही,’ गुरुदत्त लांबून बोलत होता. ‘दुसऱ्या दिवशी फोन त्याचा होता. म्हटलं सांगेल उद्या. मुलाकडचे आपण, नकार आल्यावर आपणच पुन्हा फोन करायचा म्हणजे मुलीच्या बापाच्या मागं लागल्यासारखं होतंय. म्हणून मी काय केला नाही. सोळा होते की सतरा? एखाद्या गुणानं गेलं असंल तर वाईट वाटतंय, म्हणून विचारतो.’

नंदकुमार उभे होते तिथेच बसले. म्हणजे तो चिडला नव्हता. त्याला खोटं कळलंच नव्हतं. पत्रिकेवर विश्वास नसलेल्या माणसाने पत्रिका पाहिली म्हणून सांगितलं, आणि केवळ सांगणारा नंदकुमार होता म्हणून त्याने ते खरं मानलं. मग फोन नंदकुमारांचा होता, म्हणून तो वाट बघत राहिला. दुसऱ्या दिवशी बघितली, सीझनभर बघितली, संघ गेला तेव्हा बघितली, बायको गेली तेव्हाही बघितली असेल.

‘नंदन,’ ते म्हणाले, ‘नीट ऐक आणि जसंच्या तसं सांग त्याला. मी पत्रिका जुळवलीच नव्हती. तुझ्या पत्रिकेचं पाकीट मी उघडलंसुद्धा नाही, अजून घरात आहे तसंच. तू शिक्षण सोडलंस, माती थापतोस, याची मला लाज वाटली. लोकांना काय सांगू असं झालं. म्हणून खोटं बोललो. माझं चुकलं. तुझंही नुकसान केलं, गौरांगीचं केलं, त्याचं तर... सांग त्याला.’



‘आय नो, काका,’ नंदन हळू म्हणाला. ‘गौरांगीने तेव्हाच सांगितलं होतं मला. मी बाबांना नाही सांगितलं. ते सगळ्यांना सांगायचे, नंद्यासारखा माणूस नाही, मुलीचा बाप झाल्यावर माणसाला देवधर्म मानावाच लागतो. त्यांना ते तसंच...’

‘काय म्हणतोय?’ गुरुदत्तने विचारलं. ‘किती?’

‘अकरा, बाबा!’ नंदन ओरडला. ‘अकरा म्हणतायत! फक्त अकरा!’

‘अकरा?’ गुरुदत्त म्हणाला. ‘अकराच? मग काय प्रश्नच नाही की रे. मग बरोबर केलं त्यानं. अकरा गुणांवर मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं. सांग त्याला, त्याची काय चूक नाही म्हणावं. मनाला लावून घेऊ नको म्हणावं.’

‘काका,’ नंदन म्हणाला, ‘ते म्हणतायत की...’

‘ऐकलं मी,’ नंदकुमार म्हणाले.

‘उद्याचा फोन माझा म्हणावं!’ मागून आवाज आला. ‘मॅच संपल्यावर!’

नंदकुमारांनी ‘बरं’ म्हटलं. नंदनने ते बापाच्या कानात ओरडून सांगितलं, आणि फोन बंद झाला.

मृणालिनीबाई बाहेर आल्या. नवऱ्याला जमिनीवर बसलेलं पाहून त्यांनी हात पुढे केला, पण ते उठले नाहीत.

‘झालं बोलणं?’

‘झालं.’

‘खरं सांगितलंत?’

‘सांगितलं. नंदनला.’

‘आणि भावजींना?’

‘त्याला अकरा गुण सांगितले.’

‘अकरा? ते कुठून आले?’

‘नंदनने दिले,’ नंदकुमार म्हणाले. मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि बायकोसमोर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मोठ्याने रडले.